दस्तगीर वस्तादांचं अर्धं अंगण

"मग खराब आहे तरी काय?"

मैथिली देवस्थळीनं हे इतक्या चढ्या आवाजात विचारलं की दर्ग्याच्या कट्ट्यावरची दोन कबुतरं उडाली.

"केबल तपासली. अकराच्या अकरा मीटर तपासले. पीएलसी बदलून पाहिला. सगळं चांगलं आहे आणि तरी चालत नाही! सांगा ना काका, खराब काय आहे?"

दस्तगीर वस्ताद अंगण झाडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"पोरी, बाजूला हो. तिथलं झाडून झालंय."

ती दोन पावलं सरकली आणि तिनं माझ्याकडे बघितलं. या माणसासाठी आपण डेअरी सोडून टेकडी चढलो? असं त्या बघण्यात होतं. खोटं कशाला सांगू, माझ्याही मनात तेच होतं.

मी उत्तम, डेअरीचा शिफ्ट इनचार्ज. तीन दिवस झाले, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

आमचं दुखणं असं. दूध पाश्चरायझरमध्ये बहात्तर अंशांवर तापतं. तापलं की नाही हे मीटर सांगतो, आणि तो आकडा एका केबलवरून पीएलसीकडे जातो. पीएलसी म्हणजे कंट्रोल पॅनेलमधलं डोकं, सगळी यंत्रं त्याच्या हुकमात. आकडा आला नाही की ते डोकं दूध कच्चं धरतं आणि झडप उलटी फिरवतं. खट्. दूध परत मागच्या टाकीत. पुन्हा तापवा.

सोमवारपासून ही झडप दर पाच-सात मिनिटांनी उलटी फिरत होती. दूध पुढं जाईना आणि गावांतून येणारं थांबेना. बुधवारी तर एक अख्खा टँकर फाटला.

आज गुरुवार. सकाळीच मॅनेजरसाहेबांनी माझ्या हातात एक यादी ठेवली. एक्केचाळीस संकलन केंद्रं, त्यांचे फोन नंबर.

"एक वाजेपर्यंत सुरळीत झालं नाही तर सगळ्यांना कळव. संध्याकाळचं दूध घेऊ नका म्हणावं."

यादीत पहिलं नाव माझ्याच गावाचं होतं. तिथं दूध मापायला माझी वहिनी बसते. तिला काय सांगायचं? गावातल्या म्हशींना सांग, आज पान्हा सोडू नका?

मैथिली पुण्याच्या कंपनीची इंजिनिअर. सोमवारी दुपारी आली, तेव्हापासून प्लँटमध्येच होती. पोरगी हुशार, यात वाद नाही. ती हुशार आहे हे आम्हाला कळलं होतं, आणि तिला ते आमच्या आधीपासून ठाऊक होतं. तिचं आता एकच म्हणणं, अख्खी केबल काढून नवी टाका. म्हणजे डेअरी आठ दिवस बंद.

ती केबल पंधरा वर्षांपूर्वी दस्तगीर मुजावर वस्तादांनी टाकलेली. निवृत्त होऊन त्यांना सात वर्षं झाली. आता घराण्याच्या दर्ग्याची देखभाल करतात. मी म्हटलं, केबल उपटण्याआधी एकदा त्यांना विचारू.

"दर्गा झाडणारे काका पीएलसीचं काय सांगणार?" मैथिली जीपमध्ये म्हणाली होती.

मी गिअर टाकला. वस्तादांच्या हाताखाली मी दोन वर्षं काढलीत. दोन वर्षं त्यांनी मला फक्त स्क्रू आवळायला लावले. का, ते सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचे, "आवळ." बस्स. तेव्हा मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हणायचो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

"वस्ताद, चला की," मी म्हणालो. "दहा वाजून गेले."

"आज जुम्मेरात. दुपारी बायका मलिदा घेऊन येत्यात. अंगण अर्धं ऱ्हायलंय."

अंगणात चिंचेचं मोठं झाड आहे. चिंचेचा पाला ज्यानं झाडलाय त्यालाच माझा वैताग कळेल. बारीक, चिकट, केरसुणीतून निसटणारा. इकडून गोळा करावा तर वरून आणखी पडतो. या माणसाला जन्मभर असलीच कामं का सापडतात कोण जाणे.

"वस्ताद, दूध फाटतंय."

केरसुणी थांबली.

"कधीपासनं?"

"सोमवारपासून."

"आणि मला आज सांगायला आलास, गाढवा?"

त्यांनी केरसुणी चिंचेच्या बुंध्याला टेकवली, हात धुतले, टोपी नीट केली.

"येतो. पर गाडीत कुणी मला काय विचारायचं न्हाई. विचारलं की उतरणार."

मैथिलीनं तोंड उघडलं. मी हात जोडले. तिनं तोंड मिटलं.

सारा रस्ता ती खिडकीबाहेर बघत, बोटं मांडीवर आपटत बसली.

* * *

प्लँटमध्ये वस्तादांनी गमबूट चढवले, पांढरी टोपी घातली आणि चालायला लागले. कच्च्या दुधाच्या सायलोपासून, म्हणजे उंच टाकीपासून, थंड खोलीपर्यंत, केबलच्या कडेकडेनं. प्रत्येक मीटरसमोर थांबायचे. हात लावायचे नाहीत, बोलायचे नाहीत. मैथिली फाइल घेऊन मागं, मी घड्याळ बघत तिच्या मागं.

खट्. झडप उलटी फिरली.

वस्तादांनी फक्त भुवई उचलली.

पाश्चरायझरजवळच्या भिंतीवर केबलचा जोड असलेला डबा आहे. तो मात्र त्यांनी उघडून बघितला.

"ह्यो स्क्रू नवा दिसतोय."

"मी बदलला," मैथिली म्हणाली. "जुना गंजला होता. धुण्याचं पाणी डब्यात जात होतं. सोमवारी आल्यावर पहिल्या तासात ते केलं. वायर साफ केली, स्क्रू बदलला, झाकणाला नवं रबर लावलं."

"झ्याक काम केलंस."

"पण उपयोग काय? झडप फिरतेच आहे! स्क्रू बदलल्या क्षणापासून मी इथं बसून बघतेय."

"कशानं बघतीस?"

तिनं स्टुलाकडे बोट केलं. स्टुलावर तिचा लॅपटॉप होता. पाण्याचे शिंतोडे उडू नयेत म्हणून आमच्याच दूध-पिशवीच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. त्यातून एक बारीक वायर निघून त्या डब्यात गेलेली. वायरच्या तोंडाशी एक हिरवा दिवा लुकलुकत होता. पडद्यावर आकड्यांची रांग सरकत होती, मधूनच एखादी ओळ लाल.

"रात्रीसुद्धा चालू ठेवते," ती म्हणाली. "म्हणजे एकही बिघाड नोंदीतून सुटत नाही."

"न्हाईच सुटायचा."

वस्तादांनी एक रिकामा क्रेट उलटा केला आणि त्यावर बसले.

"उत्तम, चहा सांग."

मी चहा सांगितला. दुसरं काय करणार होतो?

"आता सांग पोरी. ह्या दोन तारांवर कोण कोण हाय?"

"अकरा मीटर."

"आणि?"

"आणि पीएलसी."

"आणि?"

"आणि कोणी नाही, काका."

"आधी तोंड कोण उघडतंय?"

मैथिलीनं डोळे मिटून श्वास घेतला.

"पीएलसी विचारतो. ज्या मीटरला विचारलं तो उत्तर देतो. बाकीचे गप्प राहतात. मीटर आपणहून कधीच बोलत नाही. दोन तारांवर एका वेळी एकच आवाज जाऊ शकतो, म्हणून विचारणारा एकच ठेवतात. हे आम्हाला दुसऱ्या वर्षी शिकवतात. आता तुम्ही मला शिकवणार आहात, की मी तुम्हाला शिकवायचंय?"

"तूच शिकीव," वस्ताद म्हणाले. "पुन्हा सांग."

"विचारणारा एक. उत्तर देणारे अकरा."

खट्.

"पुन्हा."

"विचारणारा एक!"

"ऐकू आलं न्हाई."

"विचारणारा एकच असतो!" ती ओरडली. पिशव्या भरणाऱ्या मशीनवरची माणसं वळून बघायला लागली.

"व्हय," वस्ताद म्हणाले, आणि चहा बशीत ओतला.

...

बारा वाजायला दहा मिनिटं. मी त्यांच्या शेजारी उकिडवा बसलो. 

"वस्ताद, माहीत असेल तर सांगा. नसेल तर तसं सांगा. मला एक वाजता एक्केचाळीस गावांना फोन करायचेत. पहिला वहिनीला."

"तुझ्या वहिनीचं मापाला बसणं अजून चालू हाय?"

"हो."

"भली बाई. माप भरलं की भांडं उचलती. ताटकळत ठेवत न्हाई कुणाला."

मी उठलो. त्यांच्याशी बोलण्यापेक्षा भिंतीवर डोकं आपटलेलं परवडलं असतं. वस्ताद बशी हातात घेऊन तसेच बसून राहिले. त्यांची नजर स्टुलाजवळच्या त्या हिरव्या दिव्यावर होती, हे मला नंतर आठवलं. दिवा लुकलुकायचा. मध्येच खट् व्हायचं. वस्ताद बशी तोंडाला लावायचे.

मैथिली एकाएकी भिंतीला टेकून खाली बसली. ओल्या फरशीवर, तशीच.

"तीन दिवस झाले," ती म्हणाली. कोणालाच उद्देशून नाही. "ऑफिसातून तासातासाला फोन येतोय. माझ्या हातून आजवर एकही काम परत गेलेलं नाही. एकही नाही. आणि इथं... मला रडू येतंय, आणि मला या यंत्रासमोर रडायचं नाहीये."

वस्तादांनी बशी खाली ठेवली. पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं.

"सकाळपासनं काय खाल्लंस?"

"काही नाही."

"कँटीनला जा. पिठलं-भाकरी असंल. जेवून ये निवांत." मग त्यांनी स्टुलाकडे हात केला. "जाताना ते संगट घेऊन जा."

"लॅपटॉप?"

"व्हय."

"तो नाही काढता येणार."

"का?"

"का म्हणजे? तो काढला तर बिघाड दिसणार कसा?"

"न्हाई दिसायचा."

"तेच तर म्हणतेय मी!"

"मीबी तेच म्हणतोय."

...

मैथिली उठली. माझ्याकडे वळून म्हणाली, "हे बघा, हे असं चाललंय सकाळपासून." मग त्यांच्याकडे वळून, लहान मुलाला समजवावं तशी, एकेक शब्द तोडत बोलायला लागली.

"अहो काका, तो लॅपटॉप काही करत नाहीये. तो फक्त बघतोय. दर सेकंदाला मीटरला तापमान किती ते विचा..."

शब्द तिथंच राहिला.

वस्तादांनी बशी बाजूला सारली.

ती डब्याकडे बघत होती. मग स्टुलाकडे. मग पुन्हा डब्याकडे. तिचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग कानापर्यंत लाल झाला. मला अजून काही कळलं नव्हतं, म्हणून मी दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिलो.

वस्ताद गुडघ्यांवर हात टेकून उठले. त्यांनी डब्यातून लॅपटॉपची वायर ओढून काढली. हिरवा दिवा विझला. वायरचं टोक त्यांनी तिच्या हातात दिलं.

"धर."

ती धरून उभी राहिली.

...

पाच मिनिटं झाली. झडप गप्प.

सात मिनिटं. गेल्या तीन दिवसांत सात मिनिटं सलग दूध पुढं गेलेलं मी पाहिलं नव्हतं.

दहा. पंधरा. पिशवी मशीनवरचा एक जण हळूच येऊन बघून गेला. कोणी बोलत नव्हतं, जणू बोललं की झडप ऐकेल.

साडेबाराला थंड खोलीच्या सायलोचा काटा वर सरकताना दिसला. मी यादी खिशातून काढली, दोन घड्या होत्या, तिसरी घातली आणि पुन्हा खिशात ठेवली.

"दोघं विचारत होतो," मैथिली म्हणाली. आवाज बसलेला. "पीएलसी विचारायचा आणि त्याच वेळी मी विचारायचे. मीटरला धड कोणाचंच ऐकू जात नव्हतं. त्याचं उत्तर पोचायचं नाही आणि झडप..." ती थांबली. "म्हणजे सोमवारी... स्क्रू बदलला तेव्हाच नीट झालं होतं?"

वस्ताद रिकाम्या बशीत बघत होते.

"चहात साखर कमी हुती," ते मला म्हणाले.

"पहिल्या तासात नीट झालं होतं," मैथिली पुन्हा म्हणाली. "मग पुढचे तीन दिवस सगळं मी केलं. बुधवारचा टँकरसुद्धा."

हे ऐकल्यावर मला तिचा राग यायला हवा होता. आलाही. टँकरभर दूध म्हणजे काय हे पुण्याला बसून कळत नाही. पण ती ज्या तऱ्हेनं ती वायर हातात धरून उभी होती, ते बघून मी तिच्यासाठी पिठलं-भाकरी सांगायला गेलो.

एक वाजता मी एकच फोन केला. पहिल्या नंबरला.

"काय झालं?" वहिनी म्हणाली.

"काही नाही. सहज केला. संध्याकाळचं दूध घ्या म्हणून सांगायला."

"ते काय सांगायचं असतं होय? रोज घेतोच की. जेवू दे मला."

* * *

वस्तादांना सोडायला निघालो तेव्हा मैथिली न विचारता जीपमध्ये येऊन बसली. तिची पुण्याची गाडी संध्याकाळची होती. कँटीनमध्ये ती दोन भाकऱ्या जेवली होती. तोंड धुतलं होतं, डोळे मात्र सुजलेलेच होते.

या वेळी कोणी अट घातली नव्हती. तरी ती टेकडीपर्यंत एक शब्द बोलली नाही.

अंगण आम्ही सोडून गेलो तसंच होतं. अर्धं स्वच्छ, अर्धं पाल्यानं भरलेलं. बुंध्याला टेकलेली केरसुणी. खालच्या वळणावर मलिदा घेऊन येणाऱ्या बायकांची बोलणी ऐकू यायला लागली होती. वस्तादांनी गडबडीनं बाह्या सारल्या आणि राहिलेलं अर्धं झाडायला घेतलं.

"वस्ताद," मैथिली म्हणाली.

सकाळपासून तिनं त्यांना काका म्हटलं होतं. मी जीपची किल्ली फिरवणार होतो, ती तशीच ठेवली.

"एक विचारू?"

खर्र खर्र केरसुणी चाललेली.

"चूक काय झाली ते कळलं मला. ती पुन्हा नाही होणार. पण मला दुसरंच विचारायचंय." ती बोलता बोलता अंगणात पुढं आली. "काम झालंय हे ओळखायचं कसं? मी बघत राहिले नसते आणि पुन्हा बंद पडलं असतं तर? मनातली शंका जात नाही ना. हात काढून घेतला की वाटतं, काहीतरी राहिलंय. मग परत जाऊन बघावंसं वाटतं. परत उघडावंसं वाटतं. सगळ्याच कामांत माझं हे असं होतं. घरी गेले तरी डोकं तिथंच असतं." तिचा आवाज पुन्हा चढायला लागला, पण सकाळसारखा नाही. "तुम्ही कसे उठून निघून येता, वस्ताद? तुम्हाला कसं कळतं की आता आपलं इथलं..."

केरसुणी थांबली.

वस्तादांनी तिच्याकडे बघितलं नाही. तिच्या पायांकडे बघितलं. प्लँटमधल्या ओल्या फरशीवरून आलेले तिचे बूट, आणि त्यांच्यामागं झाडलेल्या अर्ध्या अंगणात उमटत आलेली चिखलाची पावलं.

...

"पोरी, बाजूला हो. तिथलं झाडून झालंय."